झपाटा भैयाचं ‘येतो’

“हा हात कोणाचा आहे?”

“आपका है, बाबा. और किसका होगा?”

“माझा आहे ते मले दिसून राहिलं. अंगठी काढली, मनगटावरचा इस्त्रीचा डाग काढला, सगळं बरोबर काढलं तू. मी हे इचारून राहिलो, का हा हात मी कोणाले करून राहिलो?”

“बच्चों को.”

“कोणत्या पोट्ट्यांले?”

“वॉर्ड के बच्चों को! जो ताली बजा रहे थे. कितनी बार बुलवाओगे मुझसे?”

“तुले तसं दिसलं?”

“दिसलं नहीं, बाबा. हुआ था. मैं वहीं खड़ी थी.”

मी जिन्यातच थबकले. खांद्यावर सैनिकांच्या अंगरख्यांचं गाठोडं होतं. आमचं नाटक आदल्या दिवशी संपलं होतं आणि कपडे परत करायला मी गोल बाजारात आले होते. वर चढावं की खाली उतरावं कळेना. जिना इतका अरुंद की गाठोड्यासकट वळताही येईना. मग वर चढले आणि दाराशी, टोप्यांच्या पिंपाला टेकून उभी राहिले. बाप-लेकींपैकी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

दोघांच्या मधे कापड बेतायचं टेबल. टेबलावर नवंकोरं, चकचकीत पुस्तक उघडं. पानभर एकच चित्र: दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा, त्यात निळ्या मखमलीतला, पिवळ्या झुलीतला, छातीवर ‘झ’ लावलेला माणूस. हात वर. ओठांवर हसू. आणि त्याच्या पायाशी काळ्या, ओघळणाऱ्या अक्षरांत एकच शब्द: येतो!

तो माणूस म्हणजे कृष्णाकाका चिमोटे. टेबलाच्या अलीकडे उभे होते ते. पलीकडे होती त्यांची एकुलती एक मुलगी इरावती, जिनं तो माणूस काढला होता.

रायपुरात शाळेचं गॅदरिंग असो, मोहल्ल्यातली रामलीला असो की आमच्यासारख्यांचं नाटक, कपडे भाड्यानं आणायचे ते ‘चिमोटे ड्रेसवाले’ यांच्याकडून. खाली हिरालालजींचं भांड्यांचं दुकान, वर काकांचं. आत शिरलं की एका खुंटीवर झाशीची राणी, तिच्या शेजारी टमाटर, टमाटरच्या मागे वाघ आणि वाघाच्या शेपटीला बांधलेला नारदाचा तंबोरा. नाटक शिकून गावात परत आले तेव्हा पहिल्यांदा मी इथेच आले होते. काकांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, “राजकन्येचं काही मागू नको, तुले ते शोभत नाही. तुले मी चांगली दरोडेखोरीण करून देतो.” आणि खरंच, त्या वर्षी लोकांनी मला ओळखलं ते त्या दरोडेखोरणीमुळे.

“तुम्ही इथे कधीपासून, काका?” म्हणून एकदा विचारलं होतं.

“भोसल्यांच्या फौजेसोबत आलो.”

“म्हणजे लढवय्ये!”

“अवं नाही. तंबू शिवत होतो. लढणारे लढून मेले, शिवणारे राहून गेले.”

पण काकांना गावानं ओळखलं ते शिवणकामामुळे नाही. इरा तीन-चार वर्षांची असताना वीज गेली की भेदरून जायची. रडायची नाही, नुसती गप्प बसायची, आणि काकांना ते रडण्यापेक्षा भयंकर वाटायचं. एकदा असेच दिवे गेले असताना त्यांनी दुकानातून आणलेली श्रीकृष्णाची निळी मखमल अंगावर घेतली, पितांबराची पिवळी साटीन पाठीवर बांधली आणि स्वयंपाकघरातून ओरडले, “येतोsss!” टॉर्च हनुवटीखाली धरून उडी मारून खोलीत आले. इरा हसली. इंदूकाकूंना तर हसून हसून दम लागला. तसा दम काकूंना कशानंही लागायचा, दमा होता त्यांना. पण त्या दिवशी हसून लागला होता. असं काका सांगतात.

त्याचं नाव इरानं ठेवलं. झपाटा. झपाट्यानं येतो म्हणून.

मग शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला इरानं हट्टानं झपाटा बोलावला. तिथून दुसऱ्या वाढदिवसाला, तिथून शाळेत, शाळेतून साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. घरचा झपाटा गावाचा झपाटा भैया झाला. खेळ साधाच होता. जिचा किंवा ज्याचा वाढदिवस, ते पोर खुर्चीवर चढून ओरडायचं, “झपाटा भैया, बचाओ!” आणि पडद्याआडून काकांचा आवाज यायचा, “येतोsss!” रायपूरच्या हिंदी बोलणाऱ्या पोट्ट्यांना ‘येतो’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, मंत्र आहे. सायकलवरून उतार उतरताना पोरं ओरडायची ‘येतो’, भिंतीवरून उडी टाकताना ‘येतो’. अभनपूरला एका कापड दुकानाच्या उद्घाटनाला काका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारायला गेले आणि झूल हुकात अडकून हवेतच लोंबकळत राहिले. खाली शंभर पोरं टाळ्या पिटत ओरडत होती, “उड़ रहे हैं! उड़ रहे हैं!” काकांचा गळा आवळला जात होता आणि ते हात हलवत होते.

“काका, कशाला हलवत होतात हात?” मी विचारलं होतं.

“मंग काय करू? समोर पोट्टे टाळ्या वाजवून राहिले आणि मी हात नाही करू?”

मंचावर असो की हुकावर, टाळी ऐकली की त्यांचा हात वर जायचा. हे इराला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं तो हात काढला.

इरा घरी हिंदीतच बोलते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. लहानपणापासून तसंच आहे. तिनं मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं, “दीदी, मला लहानपणी वाटायचं…” म्हणजे हे ती हिंदीतच सांगत होती, “…की मराठी ही अशी भाषा आहे जिच्यात जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. मी दारात उभी राहून रडायचे आणि आई म्हणायची, अगं येतो म्हणाले ना ते! मी म्हणायचे, पर जा तो रहे हैं!”

आम्ही दोघी हसलो होतो तेव्हा. ती जरा आधी थांबली.

इरा चित्रं काढते. फोनवर वाचायची कॉमिक्स. तिच्या मालिकेचं नाव ‘उलट नगरी’. या नगरीत सगळे सुपरहीरो खलनायक असतात. एकाला अंधारात दिसायचं, त्यानं आधी शहरातले सगळे दिवे फोडले, म्हणजे लोकांना त्याची गरज पडत राहावी. एकाला काळ थांबवता यायचा. स्वतःची आई मरू नये म्हणून त्यानं गावातल्या एकाही पोराला मोठं होऊ दिलं नाही. एकीला खोटं बोलणारा लगेच कळायचा, आणि तिनं सगळ्या गावात कुणाला कुणाशी बोलण्यालायक ठेवलं नाही. लोक वेड्यासारखे वाचायचे. मीही वाचायचे. खलनायक व्हायला शिंगं लागत नाहीत, चांगलेपणा एक इंच सरकला तरी पुरतो, हे तिला फार चांगलं कळलं होतं.

आणि मग तिनं झपाटा काढला.

यातला झपाटा कुणी हाक मारली की येतो. फुगा झाडात अडकला, “येतो!” मांजर छपरावर चढलं, “येतो!” केकवरची मेणबत्ती विझेना, “येतो!” आणि दर दोन पानांनी एक घर दिसतं. दारात एक मुलगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. आईला श्वास पुरत नाही. मुलगी हाक मारते. पलीकडून आवाज येतो, “येतो!” आणि पुढच्या पानावर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी असतो. मग ऑटोचं पान, मग दवाखान्याचं. झालं. रक्त नाही, मारामारी नाही. उलट नगरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच, असं वाचकांनी लिहून लिहून कळवलं. ‘येतो’ हा शब्द आता पोरं एकमेकांना घाबरवायला वापरतात.

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की दिल्लीचा एक प्रकाशक पुस्तक काढतोय, पुस्तकात झपाटा आहे, आणि पुस्तकाच्या कार्यक्रमाला खुद्द झपाट्यानं मंचावर यावं अशी त्यांची इच्छा आहे. अनिमेष नावाच्या तिथल्या संपादकानं फोन केला होता. “सर, ओरिजिनल झपाटा चाहिए हमें.” काकांनी फोनवरच हो म्हटलं. हो म्हणजे छत्तीसगढी ‘हव’, तेही तीनदा, “हव, हव, हव!” आणि गोल बाजारात पेढे वाटले. हिरालालजींना, कासाराला, चहावाल्याला, मला. “पोट्टीनं बापाले काढलं, शर्मिष्ठा! पुस्तकात!” म्हणत त्यांनी पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी ते प्रकरण फोनवर वाचलेलं होतं. पेढा गिळायला मला पाणी लागलं.

त्यांना कळलं ते असं. एक बाई हिरालालजींकडे कढई घ्यायला आल्या होत्या, सोबत फ्रॉकमधली छोटी मुलगी. काका जिन्यातून उतरले आणि नेहमीसारखे म्हणाले, “येतो, हिरालालजी!” मुलगी दचकली. काकांना वाटलं, पोरीनं ओळखलं. खूश होऊन ते वाकले, दोन्ही हात पसरले आणि पूर्ण सुरात म्हणाले, “येतोsss!”

मुलीनं किंकाळी फोडली. आईच्या पदरात तोंड खुपसून ओरडायला लागली, “मम्मी, येतो वाला! येतो वाला आ गया!”

“सॉरी अंकल,” बाई ओशाळून म्हणाल्या, “ये मोबाइल पे कुछ कुछ देखती रहती है.”

हिरालालजी म्हणतात, काका बराच वेळ तसेच वाकून उभे होते, हात पसरलेले. मग त्यांनी एक-एक हात खाली घेतला. घरी जाऊन कुणाला काही विचारलं नाही. मी म्हटलं, काका, फोनवर दाखवू का? तर म्हणाले, “पुस्तक येऊन राहिलं ना? त्यातच वाचीन. पोरीनं बापावर लिहिलेलं मोबाइलवर नाही वाचत कोणी.”

आज इरा पुस्तक घेऊन आली होती. संध्याकाळी सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात कार्यक्रम. दुपारी उभ्याउभ्या काकांनी ते वाचलं. आणि मी जिन्यात पोहोचले तेव्हा ते शेवटच्या पानाशी आले होते.

“मले सांग,” काका म्हणत होते, “बाकीच्यांले तू काय काय लावलं. कोणी दिवे फोडते, कोणी टाइम थांबवते. मले काय लावलं तू? मी तर यात तसाच आहे.”

“वही तो.”

“काय वही तो?”

“बाकी सबको बदलना पड़ा, बाबा. किसी को लालच दिया, किसी को ग़ुस्सा. आप में मैंने कुछ नहीं बदला. बस घर का दरवाज़ा खोल दिया.”

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

“दम्याचा पंप दिला होता का तू आईले?” ते एकदम म्हणाले.

“दिया था.”

“मले वाटलं, पंपानं बसंन. नेहमी बसत होतं ना गं. नेहमी.”

“मैंने फोन पे बोला था, बाबा, कि इस बार नहीं बैठ रहा. आपने क्या बोला?”

काकांनी टेबलावरची कात्री उचलून बाजूला ठेवली.

“क्या बोला था आपने?”

“येतो म्हटलं.”

“फिर?”

“पोट्टा खुर्चीवर उभा होता. सराफाचा. तो ओरडायचा बाकी होता. मी म्हटलं, एवढं झालं का निघतो. मंग सदर बाजारात गाड्याच गाड्या… स्कूटर निघंना…” त्यांचा आवाज खाली खाली गेला. “उशीर झाला. मी कधी म्हटलं का उशीर नाही झाला? या जन्मात म्हटलं का मी?”

“आप कभी कुछ नहीं बोले. यही तो है. आप ने कभी कुछ नहीं बोला!”

इरा नऊ वर्षांची होती तेव्हा. शेजारच्या कुमुदमावशींनी ऑटो करून काकूंना दवाखान्यात नेलं. इरा ऑटोत पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसली होती आणि सारखी मागे वळून पाहत होती, आईकडे नाही, रस्त्याकडे. पिवळं काही दिसतं का म्हणून. हे ती मला कधी बोलली नाही. तिच्या चित्रात आहे.

आणि काका सराफाच्या घरून, कपडे न बदलता, तसेच झूल फडफडवत दवाखान्यात पोहोचले. त्याच मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड होता. दारं उघडी. निळा-पिवळा झपाटा भैया धावत आलेला पाहून सलाइन लावलेली पोरं पलंगावर उठून बसली. “झपाटा भैया! झपाटा भैया!” टाळ्या. आणि काकांचा हात वर गेला.

इथपर्यंत इराचं आणि काकांचं सारखं आहे.

पुढचं मला काकांनी सांगितलं होतं. त्या दरोडेखोरणीच्या वेळी. माझ्या बाहीला टाचण्या लावता लावता, टाचण्या तोंडात धरून, मान वर न करता. ते म्हणाले होते, “व्हरांड्याच्या पार तिकडच्या टोकाले इरा दिसली, शर्मिष्ठा. कुमुदवहिनीचा हात धरून. एवढीशी. मले वाटलं, घाबरली असंन. मले पाहिलं का हसंन. मधात हे सगळे पोट्टे. मंग मी हात केला तिले. म्हटलं तिले दिसावं, बाप आला. अंधारात दिसत होतो, तर उजेडात नाही दिसणार का? निळं-पिवळं दुरून दिसतेच ना. हसलोबी. तिनं तोंड फिरवलं. मले वाटलं, उशीर झाला म्हणून रुसली.” मग एक टाचणी तोंडातून काढून म्हणाले, “इंदू तेव्हा गेलेली होती. मले कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या व्हरांड्यात तेवढा वेळ नवराच होतो.”

“मग इराला सांगितलं का नाही तुम्ही? की हात तिला केला होता?”

“काय सांगू? उशिरा तर आलोच ना.”

तेव्हापासून मला ते माहीत होतं. आणि आता मी दाराशी उभी होते आणि टेबलावर ते पान उघडं होतं.

“दीदी,” इराला मी आताच दिसले. तिचे डोळे लाल होते, पण आवाज कडक. “अच्छा हुआ आप आ गए. आप बताओ. आप तो थिएटर वाले हो. जिसकी बीवी अंदर मरी पड़ी है, वो आदमी बाहर पब्लिक को हाथ हिला रहा है. इसको क्या बोलोगे आप? हीरो?”

“इरा,” मी म्हटलं, “तो हात…”

“शर्मिष्ठा.” काका माझ्याकडे न पाहताच म्हणाले. “गाठोडं खाली ठेव. खांदा दुखंन.”

“काका, पण तिला…”

“ठेव म्हटलं ना. आणि तू गप राह्य.”

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मी गाठोडं ठेवलं.

“क्या?” इरा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. “क्या बोल रही थी दीदी? वो हाथ क्या?”

“काही नाही. चांगलं काढलं म्हणून राहिली ती.” काकांनी पान हातानं सपाट केलं, कापड सपाट करावं तसं, मधून कडेला. “चांगलंच काढलं तू. झुलीच्या चुण्या बरोबर पडल्या. साटीन अशीच पडते. मखमल अशी नाही चमकत, पण चालते, चित्रात चालते.” त्यांचं बोट व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तिथे इरानं काहीच काढलेलं नव्हतं. नुसता पांढरा उजेड. “इथं कोणी नाही काढलं तू.”

“वहाँ कौन था?”

काकांचं बोट त्या पांढऱ्यावर थोडा वेळ राहिलं.

“मैं थी वहाँ,” इरा म्हणाली. “पर इस पन्ने पे मैंने अपने को नहीं बनाया. जहाँ से मैंने देखा, वहाँ पढ़ने वाला खड़ा है.”

“हव,” काका म्हणाले. “बरोबर आहे.”

मला ओरडावंसं वाटत होतं. नाटकात अशा वेळी कुणीतरी ओरडतं. नाटकात विंगेतून एक पात्र येतं आणि दोन वाक्यांत सगळं सरळ करून जातं. मी तिथे टमाटरच्या ड्रेसशेजारी उभी होते आणि मला गप राहायला सांगितलं होतं. सांगणाऱ्याचाच तो हात होता, मी कोण मधे बोलणार?

काका खुंटीपाशी गेले. झपाट्याचा ड्रेस इस्त्री करून लावलेला होता. पेढे वाटले त्याच आठवड्यात त्यांनी तो उसवून कमरेत मोठा केला होता, ‘झ’ नव्यानं कापून लावला होता, जरीची कड दिली होती. त्यांनी ड्रेस उतरवला. टेबलावर उलटा पसरला. बाह्या आत घेतल्या, झुलीची चौघडी केली, वर कंबरपट्टा ठेवला. गिऱ्हाइकाला ड्रेस देताना करतात तशीच घडी. पिशवीत भरला आणि इरासमोर ठेवला.

“कोणालेबी घाल. त्या दिल्लीवाल्या पोट्ट्याले घाल. ढिला झाला तर मागून पिना लाव, समोरून नाही. समोरून दिसतात.”

“मतलब?” इराचा आवाज पहिल्यांदा हलला. “आप नहीं आओगे?”

काका बुशशर्टाची बटणं लावत होते.

“बाबा, वो लोग आपके लिए आ रहे हैं. बच्चे आएँगे. मैंने… मैंने आपको बुरा दिखाने के लिए नहीं बनाया. सच में नहीं बनाया.”

“मंग काहून काढलं, बेटा?”

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

इरानं पुस्तक मिटलं. परत उघडलं. “वो पहले मेरा था,” ती म्हणाली. “झपाटा. नाम मैंने रखा था. फिर आपने सबको दे दिया. मुझे… उलट नगरी में ही सही, मुझे वो वापस चाहिए था. भले ख़राब वाला.”

काका तिच्याजवळ गेले. हात वर केला. मला वाटलं, आता डोक्यावर ठेवतील. इरानंही मान जरा खाली केली. पण हात अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो पाहिला, स्वतःचाच हात, मनगटावरच्या डागासकट, पुस्तकातल्या हाताइतकाच वर गेलेला. आणि खाली घेतला. खिशात घातला.

मग चपला घातल्या.

काका बाहेर निघताना काय म्हणतात ते गोल बाजाराला ठाऊक आहे. ते चहाला खाली जाताना म्हणतात, दोन पावलांवर बटणं आणायला जाताना म्हणतात, दुकानात कुणीच नसलं तर वाघाला आणि झाशीच्या राणीला म्हणतात. काकूंच्या तिरडीमागे निघतानासुद्धा, सवयीनं, रिकाम्या घराकडे वळून ते म्हणाले होते, असं कुमुदमावशी सांगतात.

ते दारापर्यंत गेले. मी बाजूला झाले.

“बाबा,” इरा म्हणाली. “शाम को आओगे ना?”

काका पहिल्या पायरीवर उतरले.

“बाबा!” ती टेबलाला वळसा घालून धावली. तिचा धक्का लागून पिशवी खाली पडली, निळी मखमल बाहेर आली. दाराच्या चौकटीला धरून ती जिन्यात वाकली. आणि मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा, अडखळत, लहान पोरीसारखी, मराठीत म्हणाली, “बाबा, येतो म्हणा ना. नुसतं म्हणा. येतो म्हणून जा.”

खालच्या वळणावर तुळई आहे. तिथे काका नेहमीसारखे वाकले. भांड्यांच्या दुकानातून हिरालालजींचा आवाज आला, “कहाँ चले, झपाटा भैया?”

त्यांनाही उत्तर मिळालं नाही. बाहेर दुचाक्यांचे हॉर्न वाजत होते. काका त्या गर्दीत शिरले आणि त्यांचा साधा पांढरा बुशशर्ट थोड्याच वेळात इतर शर्टांतून वेगळा ओळखू येईना. इरा दारातून खिडकीशी येऊन पाहत होती.